इंग्लंडमध्ये घरामागे कॉन्झर्व्हेटरी बांधायची आहे: ३ मीटर नेमके कुठून मोजायचे?

नमस्कार मंडळी,

आम्ही रेडिंगजवळ राहतो. घर सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं), १९७० च्या दशकातलं. मागच्या अंगणात काचेची कॉन्झर्व्हेटरी बांधायचं मनात आहे. सासूबाई आता आमच्याकडेच असतात. थंडीत त्यांना घरातच उन्हात बसता यावं आणि दर हिवाळ्यात जाणारी तुळस जगावी, एवढीच इच्छा.

कॉन्झर्व्हेटरीला एक्स्टेन्शनचेच नियम लागतात, इथवर कळलं. परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये बसलं तर प्लॅनिंग परमिशन लागत नाही: मागच्या भिंतीपासून ३ मीटरपर्यंत (डिटॅच्ड घराला ४), उंची ४ मीटरच्या आत, आणि शेजारच्या हद्दीपासून २ मीटरच्या आत बांधत असू तर वळचण ३ मीटरच्या वर नको. घराभोवतालची निम्म्याहून जास्त जागाही व्यापायची नाही. बाकी सगळं जमतंय. अडतंय ते भिंतीपाशी.

आधीच्या मालकांनी स्वयंपाकघर मागे २ मीटर वाढवलेलं आहे आणि आम्हाला त्याच्यापुढे ३ मीटर हवेत. माप घ्यायला आलेला विक्रेता म्हणतो, आत्ताच्या भिंतीपासून मोजा, परवानगीची गरजच नाही. मला हे पटत नाही. पुढे घर विकताना खरेदीदाराच्या वकिलाने कागद मागितले तर काय दाखवायचं?

दुसरं म्हणजे, सासूबाईंना उंबरा ओलांडायला लागू नये म्हणून मधला दरवाजा काढून खोली सलग करावी आणि घराचाच एक रेडिएटर तिथे न्यावा, असं नवऱ्याचं म्हणणं. चालेल का? इथे कुणी हे काम करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. मोजायचं ते मूळ घराच्या भिंतीपासून, आणि मूळ घर म्हणजे बांधलं तेव्हा होतं तसं (१ जुलै १९४८ च्या आधीचं असेल तर त्या दिवशी होतं तसं). आधीच्या मालकाचे २ मीटरही तुमच्याच खात्यात पडतात. म्हणजे एकूण ५ होतात.

तरी लगेच पूर्ण प्लॅनिंग अर्जच करावा लागेल असं नाही. सेमी-डिटॅच्डला ६ मीटरपर्यंत प्रायर अप्रूव्हलचा (पूर्वसंमतीचा) मार्ग आहे, फक्त घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जतनासाठी राखलेल्या परिसरात) नको. काउन्सिल (स्थानिक पालिका) तुमच्या घराला लागून असलेल्या शेजाऱ्यांना कळवते, त्यांना हरकत घ्यायला किमान २१ दिवस मिळतात, आणि ४२ दिवसांत निर्णय. कुणी हरकत घेतली नाही तर शेजाऱ्यांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्न काउन्सिल उकरत नाही. म्हणून अर्जाआधी शेजारी जाऊन नकाशा दाखवाच. निर्णयाआधी पाया मात्र खणू नका. काम सुरू झाल्यावर हा मार्ग बंद होतो.

त्याआधी काउन्सिलच्या संकेतस्थळावर तुमच्या पत्त्याची जुनी प्रकरणं उघडा. घराला किंवा त्या स्वयंपाकघराला परवानगी देताना परमिटेड डेव्हलपमेंटचा हक्क काढून घेतल्याची अट घातलेली असू शकते. तसं असेल तर वरचं सगळं बाद, सरळ प्लॅनिंगचा अर्ज.

दरवाजाबद्दल: तो काढू नका. जमिनीलगतची, ३० चौरस मीटरपेक्षा लहान कॉन्झर्व्हेटरी बिल्डिंग रेग्युलेशन्समधून (बांधकामाच्या दर्जाचे नियम, प्लॅनिंगपेक्षा वेगळे) सुटते ती मध्ये बाहेरच्या दर्जाची भिंत-दार असेल आणि घराची हीटिंग आत नेलेली नसेल तरच. दरवाजा ठेवून उंबरा जमिनीशी समतल करून घ्या, वेगळा विजेचा हीटर लावा. काच आणि वायरिंग मात्र नियमातलीच हवी.

अंगणात ड्रेनचं झाकण आहे का तेही बघा. २०११ पासून सामायिक ड्रेन बहुतेक पाणी कंपन्यांकडे गेलेत. त्यावर किंवा ३ मीटरच्या आत बांधायचं तर त्यांची संमती लागते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

खूप आभार, दादा. झाकण आहे, आणि तेही नेमकं स्वयंपाकघराच्या दारासमोर. आधी जुनी प्रकरणं काढते, अट सापडली तर ती इथे टाकते.