फुगवता सांता, एचओए आणि ओला प्लग

अमेरिकेत अंगणात पंख्याने फुगणारा सांता लावला आणि एचओएने (वसाहतीतल्या घरमालकांच्या सोसायटीने) हरकत घेतली, की ‘अंगण आपलं, मग एचओएचा काय संबंध’ असं म्हटलं जातं. हे पटत नाही. घर घेतलं की सोसायटीचा करार लागू होतोच, आणि सजावट कधी लावायची, कधी उतरवायची हे बहुतेकदा त्यातच असतं. पण राज्याचा कायदा त्याच्या वर, हे सहसा कुणी सांगत नाही. फ्लोरिडात १ जुलै २०२४ पासून, मुदत उलटली म्हणून एचओएला थेट दंड लावता येत नाही. आधी लेखी नोटीस, आणि त्यानंतर आठवडा उलटूनही सजावट तशीच असेल तरच दंड. टेक्सासात २०२१च्या दुरुस्तीनंतर श्रद्धेपोटी लावलेल्या धार्मिक वस्तूंवर सरसकट बंदी घालता येत नाही. म्हणजे फुगवत्या गणपतीची बाजू सांतापेक्षा भक्कम! मात्र सामायिक जागा, सेटबॅक (हद्दीलगत मोकळी सोडायची जागा) आणि रस्त्यालगतची पट्टी ही सवलतीबाहेर.

तक्रारी बऱ्याचदा फुगलेल्या सांतावर नसतातच, दिवसा लोळागोळा होऊन पडलेल्या कापडावर असतात. टायमर लावलात तर हे होणारच. नोटीस आली तर दिवसाही पंखा चालू ठेवा किंवा सकाळी कापड गुंडाळा. पंखा जीएफसीआय (गळती होताच वीज तोडणाऱ्या) सॉकेटवरच, आणि वायर बाहेरच्या वापरासाठीचीच हवी. जोड गवतात पडला की दवानेही ट्रिप होतं, तो विटेवर उचलून ठेवा. पंख्याच्या तोंडाशी पानं किंवा बर्फ साचला की हवा कमी पडून मान आधी लवंडते. पावसाने भिजलेल्या मातीत सोबत आलेल्या खुंट्या सहज उपटतात. लांब खुंट्या दोरीच्या ओढीविरुद्ध तिरक्या ठोका. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर सरळ हवा काढा.