मदत हवी आहे : गर्भपाताची बाब न्यायालयात गोपनीय राहील का?

मी नेरुळला राहते. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात मी गर्भपात करून घेतला. १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची सही लागत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही डिस्चार्ज कार्ड मी तांदळाच्या डब्याच्या तळाशी लपवले, आणि ती लाज अजून पुरती गेलेली नाही. ते कार्ड पतीच्या हाती लागल्यापासून माझा पगार, फोन, माहेरी जाणे, सारे त्याच्या परवानगीने चालते आणि 'सगळ्यांना सांगेन' ही धमकी रोजची झाली आहे. वडीलधाऱ्यांची बैठक दोनदा झाली, त्यामुळे कृपया तो मार्ग सुचवू नये. मारहाण नाही, मूल नाही, नोकरी सुरू आहे.

आता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बेलापूरला अर्ज करायचा आहे. त्यातील कलम १६ प्रमाणे सुनावणी बंद दालनात होऊ शकते, हे मी वाचले आहे. ज्यांनी ठाणे किंवा बेलापूरला असा अर्ज केला आहे, त्यांनी सांगावे : ही विनंती मूळ अर्जातच करावी लागते की पहिल्या तारखेला, आणि पतीने ते कार्ड पुराव्यात दिले तर माझ्या वकिलांनी नेमकी कोणती हरकत घ्यावी?