रुग्ण ‘नाही’ म्हणतो तेव्हा दाखल कसं करायचं? २०१७ च्या कायद्यातले कागद, मुदती आणि अडचणी

ओटीवरची_बैठक:

नमस्कार. आमच्या तालुक्यात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांचा एक गट चालतो. पुढच्या बैठकीसाठी दोन पानी माहितीपत्रक तयार करतेय. दाखल करण्याचा विषय निघाला की गोंधळच उडतो. निम्मे म्हणतात कोर्टाची ऑर्डर लागते. बाकीच्यांना वाटतं आई-बापाने सही केली की संपलं.

रुग्णाचा आजार वाढलाय आणि तो उपचाराला तयार नाही, अशा वेळी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे क्रम काय? कोणता कागद कोण देतो, किती दिवस ठेवता येतं आणि प्रत्यक्षात कुठे अडतं? कलमांचे क्रमांक दिलेत तर उपकार होतील. पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात तोंडी सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही.

कलमवाली:

कोर्टाची ऑर्डर हे १९८७ च्या कायद्यातलं. तेव्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशावर भरती व्हायची. २०१७ चा कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि नेहमीच्या भरतीसाठी तो आदेश लागेनासा झाला. आता महत्त्वाचा माणूस म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी, कलम १४.

रुग्ण बरा असताना साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा देऊन हा प्रतिनिधी नेमू शकतो. स्टँप पेपर नको, नोटरी नको. नेमलेली व्यक्ती सज्ञान हवी आणि आपण हे काम स्वीकारतो असं तिने लेखी द्यायला हवं. हा दुसरा कागद हमखास राहून जातो. कुणालाच नेमलं नसेल तर आधी नातेवाईक, मग प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्ती, आणि तेही नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाने (भरतीवर देखरेख ठेवणारं आणि हरकती ऐकणारं, याच कायद्यातलं मंडळ) नेमलेला माणूस, असा क्रम लागतो. नातेवाईक म्हणजे रक्ताचा, लग्नाचा किंवा दत्तकविधानाचा. त्यात बायको आधी की भाऊ आधी हे कायद्याने ठरवलेलं नाही, त्यामुळे माहेर-सासरचा वाद असलेल्या घरात ऐन वेळी दोघेही ‘मीच प्रतिनिधी’ म्हणून उभे राहतात. माहितीपत्रकात एकच गोष्ट ठळक करायची असेल तर हा साधा कागद करा.

आता नकार असतानाची भरती, कलम ८९. अर्ज प्रतिनिधीचा. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायचं, भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत. आजार गंभीर असला पाहिजे आणि तीनपैकी निदान एक गोष्ट दिसली पाहिजे: अलीकडे स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी, दुसऱ्यावर हिंसा किंवा दुसऱ्याला इजेची भीती वाटेल असं वागणं, किंवा स्वतःची काळजी घेता येत नसल्याने स्वतःला इजा होण्याचा धोका. शिवाय त्याला त्या वेळी उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता नसावी.

ही क्षमता कलम ४ मध्ये सांगितली आहे: माहिती समजणं, निर्णयाचा परिणाम लक्षात येणं, किंवा निर्णय बोलून, हावभावाने, खुणेने कळवता येणं. त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून क्षमता नाही असं म्हणता येत नाही. गोळ्यांनी वजन वाढतं म्हणून नको म्हणणारा माणूस क्षमता असलेला असू शकतो.

मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाने मंडळाला कळवायचं: स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, इतरांसाठी ७ दिवसांत. क्षमता दर ७ दिवसांनी पुन्हा तपासायची, आणि ती आली की या कलमाखाली ठेवता येत नाही. तीस दिवसांपुढे कलम ९०. तिथे दोन्ही तपासणारे मनोविकारतज्ज्ञच लागतात आणि मंडळाची परवानगी लागते. पहिल्यांदा ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग दर वेळी १८०.

वॉर्डातली_वही:

वर कलमवालींनी नियम नीट मांडलेत. अडतं ते तपशिलात.

पहिलं म्हणजे हकिगत. घरचे येतात आणि ‘फार त्रास देतो हो’ एवढंच सांगतात. यावर भरती करता येत नाही, कारण वरच्या तीन निकषांत ‘त्रास’ नाही. तारखेसह लिहून आणा: अमुक दिवशी विळा घेऊन शेजाऱ्याच्या दारात गेला, चार दिवस काही खाल्लं नाही, गॅस उघडा ठेवला. ‘अलीकडे’ हा शब्द कलमातच आहे, म्हणून दोन वर्षांपूर्वीची मारहाण सांगून भागत नाही. सोबत चालू गोळ्यांची नावं, मात्रा, कधीपासून बंद केल्या, कशाची ॲलर्जी, मधुमेह-थायरॉईड आहे का, एवढी एक चिठ्ठी असली तर पहिल्या दोन दिवसांतल्या चुका टळतात. लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर तो ठळक लिहा. उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालेल्या रुग्णाच्या रक्तात त्याचं प्रमाण विषारी पातळीला जाऊ शकतं.

दुसरं, दोन तपासण्या. लहान गावात खासगी डॉक्टरचं पत्र घेतात आणि खाट मिळेपर्यंत दहा दिवस जातात. सात दिवस उलटले की ते पत्र बाद, पुन्हा तपासणी.

तिसरं, आणायचं कसं. इथे कलम ९४ लोकांना माहीतच नसतं. मृत्यू, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा, किंवा मालमत्तेचं मोठं नुकसान टाळण्यासाठी कुणीही नोंदणीकृत डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, दवाखान्यात किंवा घरी तातडीचा उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात नेणं हाही या उपचाराचाच भाग धरला आहे. मर्यादा ७२ तास, किंवा केंद्रात तपासणी होईपर्यंत, जे आधी होईल ते. याखाली विजेचा शॉक देता येत नाही. शॉकचं आणखी एक: भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता तो कोणत्याही परिस्थितीत देता येत नाही, कलम ९५.

चहातून झोपेची गोळी देऊन गाडीत घालायचा सल्ला गावोगाव मिळतो. तो माहितीपत्रकात खोडून काढाच. दारू प्यायलेला असेल तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं, आणि वाचला तरी पुढची दोन वर्षं घरातला चहा पीत नाही.

व्यसनमुक्तीच्या नावाने चार दांडगट माणसं पाठवून उचलून नेणाऱ्या गाड्यांचं वेगळं. दारू-ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात, म्हणजे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्रालाही राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. विनानोंदणी चालवलं तर पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड. आत शिरल्यावर भिंतीवर पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन लावलाय का ते बघा. कलम ७२ प्रमाणे तो लावावाच लागतो, आणि रुग्णाने मागितला तर मंडळाला फोनही करू द्यावा लागतो. तो फलक नसेल तर बाकी चौकशी करायची गरज नाही, परत फिरा.

सरळ_बोलतो:

कागदावर सगळं झकास. मंडळं आहेत कुठे? नेमणुका रखडल्या म्हणून मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टींना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं जुनी चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. सोलापूरच्या बापाने मुलाला घेऊन किती फिरायचं? हक्क रुग्णाला दिले आणि ओझं ठेवलं घरच्यांच्या डोक्यावर, असं हे झालंय.

कलमवाली:

ओझ्याबद्दल वाद नाही. पण मंडळ सुस्त आहे म्हणून अर्जच करायचा नाही, हे घरच्यांनाच महागात पडतं. कलम ७७ खालच्या अर्जाला फी नाही, कोर्ट-फी स्टँप नाही. प्रतिनिधी नेमण्याचा अर्ज आणि कलम ८९ च्या भरतीला हरकत, दोन्ही ७ दिवसांत निकाली काढायचे. कलम ९० च्या भरतीला हरकत असेल तर २१ दिवसांत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. मुदत उलटल्याचं उच्च न्यायालयात दाखवायला तोच शिक्का उपयोगी पडतो. मंडळाचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. कलम २७ मध्ये रुग्णाला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे.

सोलापूरच्या बापासाठी कलम १८. किमान सेवा जिल्ह्यात मिळाल्या पाहिजेत, आणि मिळत नसतील तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी केंद्रात उपचार फुकट, पिवळं कार्ड हातात नसलं तरी. तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडून ‘ही सेवा इथे उपलब्ध नाही’ असं लेखी मागा. ते सहजी देत नाहीत. अर्ज देऊन पोच घेतली तरी पुढे कामाला येते.

एक सावधगिरी: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अधिकार उपचारापुरताच. त्या कागदावर रुग्णाच्या बँक खात्यातून पैसे काढता येत नाहीत, सातबारावर काही करता येत नाही. मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर नसेल तर करार कायद्याप्रमाणे ते मुखत्यारपत्रही संपतं. मालमत्तेसाठी दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्व किंवा थेट उच्च न्यायालय. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अर्ज करून लोक परत येतात, कारण त्या कायद्यात मानसिक आजार नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढंच आहे.

गुणपत्रक:

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल थोडं, कारण संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज असो की प्राप्तिकराची सवलत, सगळं तिथून सुरू होतं.

मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम: चार भाग, प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे: २ वर्षांच्या आत १, २ ते ५ वर्षं २, ६ ते १० वर्षं ३, दहाच्या वर ४. एकूण २० पैकी ८ झाले की ४० टक्के. ७ म्हणजे ४० च्या खाली, आणि बहुतेक सवलती गेल्या.

म्हणून आजार कधी सुरू झाला याचा पुरावा फार किमती असतो. पंधरा वर्षं जुना आजार, पण हातात गेल्या वर्षीची फाइल, तर कालावधीचा १ च गुण पडू शकतो. पहिल्या डॉक्टरची पिवळी पडलेली चिठ्ठी, जुनं डिस्चार्ज कार्ड, काहीही शोधा. जुन्या रुग्णालयाकडून कागद मागण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे.

दुसरी चूक तपासणीच्या खोलीत होते. ‘आंघोळ करतो का?’ ‘करतो.’ इथे शून्य. खरं उत्तर असतं: तीनदा सांगितल्यावर, आठवड्यातून दोनदा, बहिणीने पाणी काढून दिलं तर. जे आहे तेच सांगा, पण अर्धवट सांगू नका. लाजेपोटी झाकलेलं इथे थेट गुणांत कमी होतं. प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचं मिळतं. संपायच्या आधी दोन-तीन महिने नूतनीकरणाला लागा.

विम्याचं थोडक्यात: कलम २१(४) प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं परिपत्रक काढलं. ओपीडी आणि समुपदेशनाचा खर्च मात्र साध्या पॉलिसीत बसत नाही. दावा ‘मानसिक आजार वगळलेला’ म्हणून नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. पण फॉर्म भरताना जुना आजार लपवला असेल तर कलम २१ वाचवणार नाही.

ओटीवरची_बैठक:

अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. एकच राहिलं. बसस्टँडवर भटकणाऱ्या, घरचं कुणी नसलेल्या माणसाचं काय करायचं? आणि एखाद्या देवस्थानात साखळीने बांधून ठेवलंय असं कळलं तर?

वॉर्डातली_वही:

भटकणाऱ्यासाठी कलम १००. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा माणसाला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि घरचे शोधण्यासाठी हरवल्याची नोंद करायची. ‘आमच्याकडे गाडी नाही’ असं ऐकवतात. तेव्हा कलमाचा क्रमांक घातलेला अर्ज द्या आणि पोच मागा, सूर बदलतो. रुग्णालयात ‘नातेवाईक आणा’ म्हणाले तर कलम १४ दाखवा: कुणीच नसेल तर समाजकल्याण विभागाच्या संचालकाला किंवा त्याच्या माणसाला मंडळ प्रतिनिधी नेमतं, आणि तोवर नोंदणीकृत संस्थेचा माणूस तात्पुरता ते काम करू शकतो. तुमचा गट नोंदणीकृत असेल तर हे तुम्हीच करू शकता.

साखळीला कलम ९५ मध्ये पूर्ण बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या जागेला ६ ऑगस्ट २००१ ला लागलेल्या आगीत २८ जण गेले, ते साखळदंडाने बांधलेले होते म्हणून पळू शकले नाहीत. आपल्याकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली दोर किंवा साखळीने बांधणं, मारणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद, ५,००० ते ५०,००० दंड.

घरातच कुणाला कोंडून, उपाशी ठेवलं असेल तर कलम १०१. कुणीही पोलिसांना कळवू शकतो, पोलीस दंडाधिकाऱ्याला कळवतात, आणि कलम १०२ खाली दंडाधिकारी तपासणीसाठी १० दिवसांपर्यंत भरतीचा आदेश देऊ शकतो. कोर्टाची ऑर्डर म्हणतात ती एवढ्यापुरती अजून शिल्लक आहे.

पण देवस्थानाची तक्रार करायच्या आधी बांधलेल्या माणसाच्या खाटेची सोय जिल्हा रुग्णालयात बोलून ठेवा. पोलीस येऊन साखळी काढतात, पुढे न्यायचं कुठे हे ठरलेलं नसतं, आणि संध्याकाळी घरचेच त्याला दुसऱ्या गावच्या बाबाकडे घेऊन जातात. घरच्यांशी बोलताना १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या, तिथे मराठीत बोलता येतं. ‘देवाचं बंद करा’ म्हणू नका, गोळ्या सोबत चालू ठेवा एवढंच म्हणा.