अँटिबॉडी रिजेक्शन: आयव्हीआयजी प्लाझ्मा एक्स्चेंजनंतरच का?

धरमपेठकर:
धाकट्या भावाचं ट्रान्सप्लांट, किडनी आईची. चौथ्या महिन्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की चढतं) १.२ वरून २.१. आम्हाला वाटलं नागपूरचं ऊन, पाणी कमी पडलं असेल. बायोप्सीत सी४डी (अँटिबॉडीने किडनीवर हल्ला केल्याची खूण) पॉझिटिव्ह निघालं, आईच्या पेशींवरच्या डीक्यू खुणेविरुद्ध डीएसए (दात्याविरुद्धची अँटिबॉडी), तिचं प्रमाण सांगणारा एमएफआय ८०००. टॅक्रोलिमस (शरीराने किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध) लेव्हल ४.१. दिवसाआड पाच प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग काढून बदलणं) आणि दरवेळी नंतर आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या दात्यांच्या अँटिबॉडी) सांगितलंय. वजन ६० किलो, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ३० टक्के. सगळं आयव्हीआयजी एकदाच आधी देऊन का टाकत नाहीत?

प्लाझ्मावाला:
आधी दिलं तर पुढच्या एक्स्चेंजमध्ये पिशवीत निघून जाईल, पैसे पाण्यात. प्लाझ्मा किती ते काढा: वजन ६० × किलोमागे ०.०६५ लिटर रक्त × लाल पेशी सोडून उरलेला वाटा ०.७० = साधारण २.७ लिटर. एका वेळी याच्या एक ते दीडपट बदलतात. रक्तातल्या आयजीजीपैकी (डीएसए याच प्रकारची अँटिबॉडी) सुमारे ६० टक्के एका फेरीत जातं, पण निम्म्याहून अधिक आयजीजी रक्तवाहिन्यांबाहेर असतं. ते एक-दोन दिवसांत परत रक्तात उतरतं, म्हणून दिवसाआड. दरवेळी आयव्हीआयजी किलोमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे ६ ग्रॅम. सुक्रोज नसलेलं मागा, हळू चढवायला सांगा. रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी मारणारं औषध) ठरलं तर तेही शेवटच्या फेरीनंतर, आणि आधी हिपॅटायटिस बीची तपासणी, अँटी-एचबीसीसकट (जुना संसर्ग दाखवणारी चाचणी).

डायलिसिस_सिस्टर:
दादा, बायोप्सी ताजी आहे ना? काढलेल्या प्लाझ्माच्या जागी अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) देऊन एक्स्चेंज केलं की रक्त गोठवणारे घटकही जातात, फायब्रिनोजेन तर पटकन उतरतं. बायोप्सीच्या जागी रक्तस्राव होऊ नये म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांत शेवटी थोडं एफएफपी (दात्याचा गोठवलेला ताजा प्लाझ्मा) देतात. ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, सायट्रेटमुळे (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घालतात) कॅल्शियम उतरलेलं असतं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधीच विचारून किमान २४ तास बंद ठेवावं लागतं, अल्ब्युमिनसोबत बीपी धाडकन पडतं. टॅक्रोलिमस बहुतेक लाल पेशींत असतं, फारसं निघत नाही. त्याची वेळ चुकवू नका.

स्लाइड_आणि_सीरम:
माझ्या मते खरी गोष्ट टॅक्रोलिमसचं ते ४.१ आहे. एवढ्या लवकरच्या काळात बहुतेक ठिकाणी ८ ते १० च्या आसपास ठेवतात. डोस चुकले का, ब्रँड बदलला का, टॅक्रोलिमस उतरवणारं रिफाम्पिसिन (टीबीचं) किंवा फेनिटॉइन (फिट्सचं) सुरू झालं का, हे आधी शोधा. ते सापडलं नाही तर एक्स्चेंज करूनही अँटिबॉडी परत तयार होणारच. लेव्हलसाठी रक्त रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळच्या गोळीआधी द्यायचं. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फसवा, चढा येतो. लेव्हल वाढवायला पपनस वगैरे घरगुती उपाय नकोत. संत्र्याचं तसं नाही, पण पोटॅशियम बघून.

उन्हाचं म्हणाल, तर पाणी कमी पडून चढलेलं क्रिएटिनिन सलाइनवर एक-दोन दिवसांत उतरू लागतं. डीएसए उन्हाने येत नाही.

उपचारानंतरचा एमएफआय त्याच लॅबमध्ये करा. अँटिबॉडी फार जास्त असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो, तेव्हा सीरम पातळ करून पुन्हा लावायला सांगा. आयव्हीआयजीनंतर लगेच नमुना देऊ नका, चाचणीत गडबड होते.