१००-२०० मीटर पळणाऱ्याला लांब पल्ला का जड जातो?

झपाटा_२००:
मी शाळेपासून १०० आणि २०० मीटर पळतोय, लांब पळण्याचा कधी संबंधच आला नाही, सरांनी वॉर्मअपलासुद्धा दोन-तीन राऊंडच्या वर कधी पळवलं नाही. आता आमच्या ग्रुपने हाफ मॅरेथॉनची (२१ किमी) तयारी सुरू केलीय म्हणून मीही जायला लागलो. यातल्या एकालाही मी १०० मीटरमध्ये जवळ येऊ देत नाही पण दोन किमी झाले की माझा दम संपतो, पोटऱ्या भरून येतात आणि हेच लोक आरामात गप्पा मारत पुढे निघून जातात. फार लागतं मनाला. तर प्रश्न असा की ही शरीराची ठेवण आहे का सवयीचा भाग आहे? टॉपचे स्प्रिंटर लांब पळाले तर त्यांचंही असंच होतं का? आणि यात माझा स्पीड जाणार असेल तर आधीच सांगा, कारण २०० मला सोडायची नाहीये.

संथ_पण_सलग:
दोन्ही आहे, पण आधी ठेवणीचं बोलू. १०० मीटरला लागणाऱ्या ताकदीचा मोठा भाग स्नायूत आधीपासून साठलेला असतो, एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनांच्या रूपात, श्वासाचा तिथे फारसा संबंधच येत नाही. तो साठा साधारण दहा सेकंदात उतरतो. ऑक्सिजनशिवाय साखर जाळणं सुरुवातीपासूनच चालू असतं, पण मग मुख्य भार त्याच्यावर येतो, ४०० मीटरवाल्यांचे पाय शेवटी जड होतात ते त्यातूनच. आणि ८०० पर्यंत आलास की निम्म्याहून जास्त काम ऑक्सिजनवर चालतं, मॅरेथॉनमध्ये तर जवळपास सगळंच. म्हणजे तू इतकी वर्षं जी यंत्रणा घडवलीस तिला हाफ मॅरेथॉनमध्ये फार थोडं काम आहे आणि जिला काम आहे तिला तू कधी हातच लावलेला नाहीस.

त्यात स्नायूतले फास्ट ट्विच म्हणजे झटपट आकसणारे तंतू, ते जोर जबरदस्त देतात पण लवकर थकतात, आणि चांगल्या स्प्रिंटरमध्ये त्यांचंच प्रमाण जास्त असतं. वजनाचंही बघ ना, बोल्ट साडेसहा फुटांच्या जवळ आणि नव्वद किलोच्या वर, मॅरेथॉनवाला किपचोगे साडेपाच फुटांचा आणि पन्नाशीतला. १०० मीटरला ते स्नायू ढकलायला कामाला येतात, ४२ किमीला तेच वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. बोल्टच्या एजंटनेच सांगितलं होतं की हा माणूस आयुष्यात कधी एक मैलसुद्धा पळालेला नाही! १०० मीटर ९.५८ सेकंदात पळणाऱ्याला त्याची गरजच पडली नाही.

आठशेवाला:
वरचं सगळं बरोबर आहे पण स्पीड म्हणजे लांब पल्ल्याला निरुपयोगी असं कुणी समजू नका. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये क्युबाच्या हुआनतोरेनाने ४०० आणि ८०० दोन्ही गोल्ड घेतले, ८०० तर १:४३.५० असं वर्ल्ड रेकॉर्ड करून. केनियाचा रुडिशा ८०० मीटर १:४०.९१ मध्ये पळाला त्याचं ४०० चं टायमिंग ४५.५० होतं, म्हणजे तोही चांगलाच वेगवान माणूस. ८०० पर्यंत स्पीड थेट पैसे वसूल करून देतो, त्यापुढे मात्र फायदा झपाट्याने कमी होतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ॲश्टन ईटनचं. २०१२ मध्ये डेकॅथलॉनचं (दोन दिवसात दहा इव्हेंट) वर्ल्ड रेकॉर्ड केलं तेव्हा पहिल्या दिवशी १०० मीटर १०.२१ मध्ये आणि दुसऱ्या दिवशी शेवटी १५०० मीटर ४:१४.४८ मध्ये. एकाच शरीराने दोन दिवसात हे दोन्ही केलं, मला तर हे आजही अफाट वाटतं. आता हिशोब करा. त्या १५०० चा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागलेला वेळ, २:५० मिनिटांच्या आसपास येतो. केनियाचा किप्टम २०२३ ला शिकागोत मॅरेथॉन २:००:३५ मध्ये पळाला त्याचा पेस किलोमीटरला साधारण २:५१ ते २:५२. म्हणजे ईटनने जीव तोडून दीड किलोमीटर जो वेग धरला जवळपास तोच किप्टमने ४२ किलोमीटर धरला. ईटन नऊ इव्हेंट करून थकलेला होता हे धरूनसुद्धा फरक केवढा ते कळतं.

आणि झपाटा, किप्टमचा तो वेग १०० मीटरला १७ सेकंदांचा आहे. तू तर त्याहून किती जोरात पळतोस. तुझ्याकडे वेग कमी नाहीच, प्रश्न तो टिकवण्याचा आहे. ४०० कसं जातं तुझं ते सांग, त्यावर बरंच कळेल.

झपाटा_२००:
४०० क्वचितच पळालोय. ३०० पर्यंत मस्त जातं, शेवटच्या सरळ रेषेत पायच उचलत नाहीत, मागचे दोघं-तिघं गाठतात. 😔

रोज_सकाळी:
मग तुझं मूळ दुखणं पेसचं आहे असं मला वाटतं. स्प्रिंटर लोकांना हळू पळणं म्हणजे काय ते माहितीच नसतं, तुम्हाला जे आरामाचं वाटतं ते फुप्फुसांच्या हिशोबाने फारच जोरात असतं आणि पहिल्या किलोमीटरलाच सगळं खर्चून बसता. पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं हळू पळ, लाज वाटली तरी चालेल, मध्ये चाललास तरी चालेल. दुसरं म्हणजे पोटऱ्या. तू नक्की चवड्यावर पळत असशील, लांब पावलं टाकत. ते १०० मीटरला ठीक आहे, तासभर तसं पळालास तर पोटरी आणि टाचेमागची शीर बोंबलणारच. पाऊल आखूड टाक, शरीराच्या खाली पडू दे. ग्रुपच्या मागे धावू नकोस काही आठवडे, त्यांच्याशी स्पर्धा लावलीस की परत तेच होणार.

झपाटा_२००:
हे पटलं, चवड्यावरच पळतो मी. आणि स्पीडचं काय पण?

आठशेवाला:
आठवड्यातून दोनदा निवांत अर्धा-पाऊण तास पळून २०० जात नाही. स्पीड जातो तो स्प्रिंट आणि वजनाचा सराव बंद करून नुसतं लांब पळत राहिल्यावर, कारण सगळ्यात वेगवान तंतू अशा सरावाने जरा कमी वेगाच्या पण जास्त टिकणाऱ्या प्रकाराकडे झुकतात. म्हणून स्प्रिंट ताज्या पायांनीच कर, लांब पळण्याच्या दुसऱ्या दिवशी तर नकोच. हाफ मॅरेथॉनसाठी मात्र लांब पळणं वाढवावं लागेल आणि तेवढे दोन-तीन महिने २०० चं टायमिंग थोडं मागे गेलं तर घाबरू नकोस, स्प्रिंटचा पूर्ण सराव परत सुरू केला की येतं ते. फक्त रेस ट्रॅक सीझनच्या तोंडावर घेऊ नकोस. रेस कधी आहे तुमची?