पाच हजारांत जुना म्युझिक प्लेअर: घ्यावा, की फोनच बरा?

खारफुटी

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाई आहे.

रोजचा प्रवास डोंबिवली ते सीएसएमटी. फोनला ना ३.५ मिमीचा जॅक, ना कार्डाची जागा. आतली जागा ऑफिसच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांनी खाल्लेली. गाणी मात्र ७० जीबीच्या घरात आहेत: बाबांनी सीडींवरून उतरवलेलं शास्त्रीय (बहुतेक फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता दाबलेल्या फाइली), जुनं नाट्यसंगीत (एमपी३, दर्जा यथातथा) आणि दीड-दोन तासांची सलग कीर्तनं. वायरवाले चांगले इयरफोन आहेत, तेच वापरणार.

ओळखीतले एकजण त्यांचा शानलिंग एम० हा छोटा प्लेअर साडेतीन हजारांत देतायत. २०१८चं मॉडेल, इन्जेनिक एक्स१००० प्रोसेसर, ब्लूटूथ ४.१, वायफाय नाही, दीड इंची पडदा. नवऱ्याचं म्हणणं, "असल्या जुन्या डब्यावर पैसे घालण्यापेक्षा दोन हजारांत नवा कोरा येतो, तो घे." काकांकडे २००५चा आयपॉडही पडून आहे, तो फुकटात मिळेल. स्ट्रीमिंग नको आहे. घ्यावा का एम०? बजेट फार तर पाच हजार.

अर्धा_कटिंग

पाचशे-हजाराचा टाइप-सीला इयरफोन जोडणारा डोंगल घ्या, फोनला लावा, विषय संपला. उरलेल्या पैशांत वडापाव.

खारफुटी

@अर्धा_कटिंग, करून झालंय ते. डोंगल लावला की चार्जिंग बंद, आणि संध्याकाळच्या सहाच्या फास्टला दारात उभं राहून वायर लोंबणारा फोन हातात धरायची माझी तरी हिंमत नाही. शिवाय ७० जीबी ठेवू कुठे?

तारसप्तक

तुमच्या मिस्टरांची शंका फोनच्या बाबतीत शंभर टक्के रास्त. इथे नाही.

एमपी३ वाजवायला ताकद लागते ती किती? २००१च्या पहिल्या आयपॉडमध्ये ९० मेगाहर्ट्झचे दोन एआरएम७ कोअर होते आणि तेवढ्यावर त्याचं उत्तम चाललं. एम०मधला एक्स१००० एक गिगाहर्ट्झचा आहे. फ्लॅक ऐकून लोक उगाच दचकतात. त्याची फाइल मोठी असते, पण उलगडायला ती एमपी३पेक्षाही सोपी. जागा जास्त लागते, डोकं कमी. हिशेब सांगतो: सीडीचा मूळ आवाज १४११ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक करून तो निम्म्याच्या आसपास येतो. ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला २.४ एमबी. तुमच्या ७० जीबीला १२८चं कार्ड पुरून उरेल.

जुना प्रोसेसर जाणवतो तो गाण्यांची यादी बनवताना. नवं कार्ड घातलं की प्लेअर सगळ्या फाइलींचे टॅग (गाण्याचं, गायकाचं नाव वगैरे) वाचत बसतो. तो वाचेपर्यंत चहा टाकून या. कुणी हौसेने गाण्यात तीन-तीन हजार पिक्सेलची कव्हरं चिकटवली असतील तर पडदा सरकवतानाही अडखळतो. कव्हरं पाचशे पिक्सेलची करून टाका, त्या दीड इंचावर तसंही काय दिसणार आहे!

खरी जुनी होते ती बॅटरी. लिथियम-आयन वापरली नाही तरी म्हातारी होते, आणि पूर्ण चार्ज करून उकाड्यात कपाटात टाकली असेल तर लवकरच. एम० नवा असताना पंधराएक तास चालायचा. आता आठ-नऊ मिळाले तरी तुमचे तीन दिवस निघतील. हा प्रश्न विकणाऱ्याला आधी विचारा, प्रोसेसर-बिसेसरचं मग.

ब्लूटूथ ४.१वर तर वेळच घालवू नका, वायर लावणार आहात ना.

फ्रीमाँटचा_बाळू

काकांचा आयपॉड!! नको म्हणू नका हो कुणी. २००५चा म्हणजे बहुधा पाचव्या पिढीचा, व्हिडिओवाला. आत वुल्फसनची डब्ल्यूएम८७५८ ही आवाजाची चिप, जिच्यापायी लोक आजही तो शोधत फिरतात. माझ्याकडे आहे. हार्ड डिस्क काढून कार्डाचा अ‍ॅडाप्टर घातलाय, बॅटरी बदललीय, रॉकबॉक्स (मूळ सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं फुकट सॉफ्टवेअर) चढवलंय. फ्लॅक, ऑग, ओपस, काहीही टाका, वाजतं. त्या चाकाची सर कुठल्याही टचस्क्रीनला नाही.

पेठेबाहेरचा

बाळूशेठ, तुमचं सगळं खरं, पण खारफुटीताईंना गाणी ऐकायचीत, प्रकल्प करायचा नाहीये. त्या आयपॉडला आज काय काय लागेल ते पण सांगा की.

मी हे दुरुस्तीचं काम हौसेने करतो म्हणून लिहितोय. एक, आतली १.८ इंची हार्ड डिस्क. इतक्या वर्षांनी ती चालली तर नशीब, आणि लोकलच्या दारात हिसके खायला ती बनलेलीच नाही. दोन, बॅटरी. ती बदलायची तर पाठीमागचं स्टीलचं झाकण प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचकटायचं. पुढचा आणि मागचा भाग अलग होताना मध्ये बॅटरीची इवलीशी पट्टी-केबल असते, तिच्या कनेक्टरची तपकिरी खिट्टी आधी नखाने उचलायची. झाकण जोरात ओढलं की पट्टी फाटली, बोर्डावरचा कनेक्टर गेला, खेळ खल्लास. तीन, ३० पिनांची जुनी केबल. चार, मूळ सॉफ्टवेअर फ्लॅक वाजवत नाही. म्हणजे एकतर सगळं एएलएसीमध्ये (अ‍ॅपलचा फ्लॅकसारखाच प्रकार) बदला आणि आयट्यून्समधून भरा, नाहीतर रॉकबॉक्स टाका.

तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला कुणी करून देईलही, पण अ‍ॅडाप्टर, कार्ड, बॅटरी आणि मजुरी धरून फुकटचा आयपॉड तुमच्या बजेटबाहेर जातो. हौस असेल तर जरूर करा, त्यासारखी मजा नाही.

फ्रीमाँटचा_बाळू

मान्य, मान्य. पण मग काकांना म्हणावं इकडे पाठवा. ;-)

सोनटक्के_काकू

मी कीर्तनाबद्दल लिहिते, त्याकडे कुणाचं लक्षच नाही.

मुलाने मला दोन हजारांचा तसलाच नवा कोरा प्लेअर आणून दिला होता. आवाजाबद्दल तक्रार नाही. पण पावणेदोन तासांचं कीर्तन, पूर्वरंग ऐकून बंद केलं की दुसऱ्या दिवशी स्वारी परत नमनापासून सुरू. पुढे न्यायचं तर बटण दाबून धरायचं, ते एकेक सेकंदाने सरकतं. आख्यान लागेपर्यंत माझं फिरणं संपून घर यायचं.

दुसरं असं, की फाइलींची नावं देवनागरीत होती, तर नुसते चौकोन चौकोन. सुनेच्या प्लेअरवर अक्षरं येतात, पण पहिली वेलांटी अक्षराच्या पाठीमागे पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले.

तेव्हा बाई, जो घ्याल त्यावर दोन गोष्टी आपल्या हाताने करून बघ: लांब फाइल मध्येच बंद करून परत लावायची, आणि मराठी नावाची एक फाइल टाकायची.

तारसप्तक

काकू, लाख बोललात. माहितीपत्रकात या गोष्टी कधीच नसतात.

नावांचं सोपं आहे. एमपी३टॅग नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात टॅग बदलून रोमन लिपीत करता येतात. मूळ प्रत मात्र देवनागरीतच राहू द्या, कार्डावर जाणारी प्रत तेवढी वेगळी करा.

त्यात आणखी एकाची भर घालतो, शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी. मैफलीच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होतो तिथे बऱ्याचदा ट्रॅक तोडलेला असतो, आवाज मात्र सलग. अगदी स्वस्तातले प्लेअर त्या जागी अर्धा सेकंद गप्प बसतात. समेवर यायचं आणि पायरीच गायब. विकणाऱ्याकडे जाताना असे लागोपाठचे दोन ट्रॅक कार्डावर घेऊन जा आणि पहिल्याची शेवटची दहा सेकंदं ऐका.

अर्धा_कटिंग

समजा आवाजात फोन आणि एम० यांत फरकच कळला नाही तर? मी डोळे बांधून ऐकलंय, मला नाही कळला.

तारसप्तक

कळणारही नाही कदाचित, विशेषतः लोकलमध्ये. मी आवाजासाठी घ्या म्हणतच नाहीये. कार्ड बसतं, जॅक आहे, फोनची बॅटरी वाचते, गाण्याच्या मध्येच ऑफिसचा मेसेज टपकत नाही. साडेतीन हजार त्याचे. जुन्या नाट्यसंगीताला तर फ्लॅकचाही उपयोग नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीवर मुळात आवाजाची रुंदीच कमी, वर खरखर. १९२ची एमपी३ पुष्कळ झाली.

रानभूल

मध्येच घुसतो. सॅनडिस्कचा क्लिप प्लस कुणाला आठवतोय का? २००९चा, शर्टाला अडकवायचा. मायक्रोएसडी, एफएम, वर रॉकबॉक्स चालतं, त्यामुळे काकू म्हणतात तसं जिथे सोडलं तिथून पुढे ऐकता येतं. पुण्यात सकाळी १०१वर विविध भारती त्यावरच ऐकतो. इयरफोनची वायर हाच त्याचा अँटेना, त्यामुळे वायर गुंडाळून ठेवली की खरखर. आवाज फार बारीक वाटला तर सेटिंगमध्ये प्रदेश कुठला निवडलाय ते बघा. युरोप असेल तर तिथल्या नियमानुसार आवाजाला लगाम असतो. दुसरा प्रदेश निवडा, मोकळा होतो.

पण आता शोधून विकत घ्या असं नाही म्हणणार. चांगल्या बॅटरीचा सापडणं मुश्कील. आणि क्लिप स्पोर्ट, क्लिप जॅम ही नंतरची भावंडं त्याच नावाने खपवतात, त्यांवर रॉकबॉक्स चालत नाही.

खारफुटी

सगळ्यांचे आभार, काकूंचे विशेष. एम०ला एफएम नाही, पण मला नकोच आहे. उद्या ठाण्याला भेटून बघणार. अजून काय तपासू?

पेठेबाहेरचा

भराभर लिहितो. सपाट टेबलावर ठेवून पाठ बघा. डुगडुगतोय किंवा पडदा कडेने उचललाय म्हणजे बॅटरी फुगलीय. फुकट दिला तरी घेऊ नका. बाजूचं गोल चाक आवाजाचंही आहे आणि चालू-बंदचंही, सगळ्यात जास्त राबतं ते. हळूहळू फिरवा, एक घर फिरवल्यावर आवाज दोन घरं उडी मारतोय का, किंवा उलटाच जातोय का ते पाहा. मग गाणं चालू ठेवून जॅकमध्ये पिन गोल फिरवा. एका कानाचा आवाज गेला तर जॅक सैल. टाइप-सी केबल दोन्ही बाजूंनी लावून बघा, चार्जिंग दोन्हीकडून सुरू व्हायला हवं. कार्ड आत ढकललं की टिक करून बसतं ना, आणि दाबल्यावर बाहेर येतं ना? भेटायला जाताना स्वतःचं कार्ड न्या, त्यांच्या कार्डावर सगळंच छान वाजतं.

बॅटरी तिथल्या तिथे कळत नाही. एक युक्ती: आदल्या रात्री शंभर टक्के करून ठेवा म्हणावं. भेटल्यावर अर्धा तास वाजवत गप्पा मारा. टक्के सात-आठहून जास्त उतरले तर पाचशे रुपये कमी करायला सांगा.

खारफुटी

घेतला! तीन हजार दोनशेला. अर्ध्या तासात पाच टक्के उतरले. चाक ठीक, जॅक ठीक. विलंबित-द्रुतवाला ट्रॅक लावल्यावर विकणारे काकाच समेवर मान हलवत होते, मग भाव काय फारसा तोडवेना.

आता कार्डाचं सांगा. ऑनलाइन १२८चं एक घेतलं ते कॉम्प्युटरवर १२८ दाखवतं, पण तीसेक जीबीनंतर टाकलेली गाणी वाजतच नाहीत. प्लेअर जुना म्हणून असेल का?

पेठेबाहेरचा

प्लेअरवर आळ घेऊ नका, कार्ड बनावट दिसतंय. आतली चिप ३२ची आणि पाटी १२८ची, हा धंदा जुना आहे. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतो. दोन-तीन तास लागतील, पण खरा आकडा छापून देतो. त्याचा फोटो जोडून परत पाठवा, पैसे मिळतात. पुढचं कार्ड दुकानातून बिलासकट घ्या.

आणि ६४ आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट या मांडणीत फॉरमॅट होऊन येतात. कुठल्या जुन्या प्लेअरला ते वाचता आलं नाही तर फॅट३२ या जुन्या मांडणीत फॉरमॅट करायचं. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्याय दिसत नाही म्हणून लोक अडतात. रुफस नावाचा प्रोग्राम वापरा, होतं. करण्याआधी गाण्यांची दुसरी प्रत आहे ना, तेवढं बघा.

सोनटक्के_काकू

आणि कीर्तन? जिथे सोडलं तिथून लागतं का?

खारफुटी

काकू, लागतं. सेटिंगमध्ये ते आधी चालू करावं लागलं. पुढे ढकलायचं असेल तर पडद्यावरच्या पट्टीवर बोट ठेवून एकदम आख्यानाला जाता येतं. बोट जाड असेल तर भलतीकडे जातं, एवढंच.

नवा_गडी

धागा हायजॅक करतोय, माफी. मला अँड्रॉइड ५वाला एक मोठ्या पडद्याचा प्लेअर चार हजारांत मिळतोय. वायफाय आहे. त्यावर स्ट्रीमिंग अ‍ॅप टाकून वापरायचाय. एम०पेक्षा बरा ना?

तारसप्तक

तुमच्या कामासाठी नको. इथे मात्र जुनेपणा आडवा येतो. स्ट्रीमिंगची अ‍ॅप्स दर थोड्या काळाने जुन्या अँड्रॉइडचा आधार काढून घेतात. आज चाललं तरी पुढच्या अपडेटला "आपले उपकरण समर्थित नाही". शिवाय ७.१च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये सुरक्षा प्रमाणपत्रांची यादीही जुनी. साइटना अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची जुन्या अँड्रॉइडसाठीची जोड-व्यवस्था २०२४मध्ये संपल्यापासून कित्येक साइट त्यावर नीट उघडतच नाहीत. फ्लॅक वाजवायला तो धडधाकट आहे, इंटरनेटला नाही. त्यापेक्षा घरात जुना फोन पडला असेल, जॅकवाला, कार्डवाला, तर सिम काढून तोच वापरा. चार हजार वाचले.

नवा_गडी

जुना फोन आहे, पण पडदा तडकलाय.

अर्धा_कटिंग

गाणी कानाने ऐकतात राव.