‘युद्धकाळात प्रश्न नकोत’ या मताला सविस्तर उत्तर

कन्ना चौक :
आपल्या सोलापूरकरांच्या या चर्चेत परवा रेल्वे लाइन्सच्या डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले ते वाचून दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : रशियाला पुतिन यांच्यासारखा खंबीर शासक मिळाला म्हणून तो देश सावरला, युद्ध चालू असताना घरातल्या विरोधकाला तुरुंगात ठेवावेच लागते, आणि ज्या शहराला लोकशाही असूनही चार-पाच दिवसांआड पाणी मिळते, त्या शहरातल्या लोकांनी दुसऱ्यांना लोकशाही शिकवू नये.

डॉक्टरसाहेब, तुम्ही घटनांचा क्रमच उलटा लावला आहे. युद्ध आले म्हणून लोकांची तोंडे बंद करावी लागली, असे तुम्ही म्हणता. प्रत्यक्षात तोंडे आधी बंद झाली. २०१२ साली ‘परकीय हस्तक’ कायदा आला आणि परदेशातून पैसा घेणाऱ्या ज्या संस्थेचे काम सरकारला राजकीय वाटेल, तिच्यावर तो शिक्का बसू लागला. ऑगस्ट २०२० मध्ये पुतिन यांचे कट्टर विरोधक अलेक्सेई नवाल्नी यांच्यावर विषप्रयोग झाला. जानेवारी २०२१ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा विमानतळावरच त्यांना ताब्यात घेण्यात आले. स्टालिनच्या काळात मारल्या गेलेल्या माणसांची नावे तीस वर्षे गोळा करणाऱ्या ‘मेमोरियल’ या संस्थेला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ डिसेंबर २०२१ रोजी टाळे ठोकायला सांगितले. त्यानंतर अवघ्या आठ आठवड्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, फौजा युक्रेनमध्ये शिरल्या.

याच्या तीन दिवस आधीची रशियाच्या स्वतःच्या सुरक्षा परिषदेची बैठक तिथल्या सरकारनेच दूरचित्रवाणीवर दाखवली होती. परराष्ट्र गुप्तचर खात्याचे प्रमुख सेर्गेई नारिश्किन, म्हणजे ज्यांनी राष्ट्राध्यक्षांना खरी माहिती द्यायची तेच गृहस्थ, सगळ्या देशासमोर चाचरत होते आणि पुतिन त्यांना स्पष्ट बोलण्याचा दम भरत होते. इतक्या वरच्या पदावरचा माणूस जर असा घाबरलेला असेल, तर ‘हे युद्ध आठवडाभरात संपणार नाही’ हे त्या खोलीत कोणी सांगायचे? माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या राज्यात ‘नाही’ म्हणणारा माणूस उरत नाही, ते राज्य चुकीच्या हिशेबावर युद्धात उतरते आणि ती चूक तिथल्या आयांची मुले फेडतात.

रेल्वे लाइन्स (डॉक्टर) :
आपण वर्तमानपत्रांत वाचलेला रशिया मला सांगत आहात. मी तो पाहिला आहे. १९९३ ते १९९९ ही सहा वर्षे मी व्होल्गाकाठच्या एका शहरात वैद्यकीय शिक्षण घेतले. शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या वृद्ध प्राध्यापिका रविवारी स्थानकाबाहेरच्या बर्फात उभ्या राहून घरातल्या चिनी मातीच्या बश्या विकत असत, आणि आम्ही विद्यार्थी त्यांना लाज वाटू नये म्हणून दुसऱ्या रस्त्याने जात असू. त्यांचा पगार सहा-सहा महिने होत नसे. ऑगस्ट १९९८ मध्ये सरकारने कर्जफेड थांबवली तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातातल्या पैशांची किंमत रांग संपेपर्यंत घसरत असे. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९४ च्या सुमारास अठ्ठावन्न वर्षांच्याही खाली गेले होते. ते आकडे मला पुस्तकातून कळले नाहीत, मी ती माणसे रुग्णालयात मरताना पाहिली. तेव्हा तिथे वर्तमानपत्रे मोकळी होती आणि निवडणुकाही होत होत्या. ज्याचे घर जळाले आहे त्याला पाणी आणणारा माणूस हवा असतो. त्याने परवानगी घेतली की नाही, हे तो विचारत नाही.

आणि युक्रेनबद्दल आपण एक शब्दही काढला नाहीत. तिथे लष्करी कायदा आहे, काही पक्षांवर बंदी आहे, राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांची मुदत मे २०२४ मध्ये संपली तरी निवडणूक झालेली नाही. मग हुकूमशाहीचा हिशेब एकाच बाजूला का?

भवानी पेठ :
डॉक्टरांचे रशियाविषयीचे मत मला माहीत नाही, परंतु पाण्याविषयी ते बोलले ते अक्षरशः खरे आहे. आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येते आणि तेही मध्यरात्रीनंतर. माझ्या आईने चादरीच्या कारखान्यात आयुष्य काढले आणि सत्तराव्या वर्षीही ती रात्री दोन वाजता उठून घागरी मांडते. उजनी धरण भरलेले असते, राजकारणी मंडळी दर निवडणुकीत नव्या जलवाहिनीचे आश्वासन देतात, आणि आम्ही पिंपे विकत घेतो. अशा शहरात एखादा कडक माणूस यावा, त्याने कोणाचे न ऐकता काम करावे, असे आम्हाला वाटले तर त्यात गुन्हा काय?

सात रस्ता (वकील) :
गुन्हा काहीच नाही, भाऊ, आणि तुमच्या आईंचे कष्ट कोणी नाकारत नाही. पण ज्या कडक माणसाची तुम्ही वाट पाहता, तो आपल्याकडे येऊन गेला आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार एकट्या प्रशासकांच्या सहीवर चालला. सभागृह नव्हते, विरोधी पक्षनेता नव्हता, ठराव अडवणारे कोणी नव्हते. त्या काळात तुमच्याकडे पाणी रोज येऊ लागले का? उलट नळाला पाणी नाही म्हणून ज्याच्या दारात जाऊन भांडायचे, तो नगरसेवकच नाहीसा झाला.

नगरसेवकांचा विषय निघालाच आहे म्हणून मॉस्कोच्या एका नगरसेवकाची गोष्ट सांगते. अलेक्सेई गोरिनोव हे तिथल्या एका प्रभागाच्या परिषदेचे सदस्य. मार्च २०२२ मध्ये बालदिनानिमित्त चित्रकला स्पर्धा भरवण्याचा विषय सभेपुढे आला, तेव्हा युक्रेनमध्ये रोज मुले मरत असताना आपण कसल्या स्पर्धा भरवतो, असे ते भर सभेत म्हणाले. लष्कराबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास पंधरा वर्षांपर्यंत कैद, असा कायदा ४ मार्चला झालाच होता. जुलैमध्ये गोरिनोव यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सभेचा विषय काय होता, तर मुलांची चित्रे! डॉक्टर, घर जळाले होते हे मान्य. पण पाणी आणणाऱ्या माणसाने पुढे घरातल्यांनाच कोंडून बाहेरून कडी घातली, त्याचे काय?

मुरारजी पेठ :
रशिया राहू द्या, हे सारे आपल्या गावात घडून गेले आहे आणि आपण हुतात्म्यांच्या चार पुतळ्यांपासून रोज गाडी वळवतो. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी सोलापुरात गोळीबार झाला, १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. गांधी टोपी घालणे हाच गुन्हा ठरला होता. आमची आजी सांगायची की, आजोबांची टोपी तिने धान्याच्या कणगीत लपवली होती आणि दारावर थाप पडली की तिचे लक्ष आधी कणगीकडे जात असे. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले. कुर्बान हुसेन हे तर एका वृत्तपत्राचे संपादक होते. ‘शांतता राखण्यासाठी’ हेच कारण तेव्हाही होते, डॉक्टर.

रेल्वे लाइन्स (डॉक्टर) :
परकीय सत्तेचा मार्शल लॉ आणि स्वतःच्या राष्ट्राने स्वतःच्या संरक्षणासाठी उचललेली पावले यांत आपल्याला फरक दिसत नसेल, तर वाद घालण्यात अर्थ नाही. हुतात्म्यांची नावे अशा वादात ओढणे मला अत्यंत अनुचित वाटते.

विजापूर रोड :
मी येथे सहसा लिहीत नाही, पण मार्शल लॉचा विषय निघाला की नेहमी अर्धीच गोष्ट सांगितली जाते, म्हणून लिहितो. माझे पणजोबा त्या वेळी पोलिसांत शिपाई होते. मंगळवार पेठेच्या चौकीवर जमाव चालून गेला, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटवली गेली. मारले गेलेले शिपाई इंग्रज नव्हते. आपल्यासारखीच भाकरी खाणारी माणसे होती. पणजोबा त्या दिवशी दुसऱ्या कामावर होते म्हणून वाचले, आणि नंतर आयुष्यभर आमच्या घराला ‘सरकारचे घर’ म्हणून टोमणे ऐकावे लागले. दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हुतात्म्यांना हार घातले जातात, मीही हात जोडतो; पण त्या शिपायांची नावे या गावात कोणाला ठाऊक आहेत? जमाव मोकाट सुटला तर राज्याने काय करायचे, याचे उत्तर मला कोणी देत नाही.

मुरारजी पेठ :
म्हणजे फाशी योग्य होती, असे आपल्याला म्हणायचे आहे काय? तसे असेल तर सरळ लिहा. चार पुतळ्यांसमोर उभे राहून हे बोलण्याची हिंमत आहे का?

विजापूर रोड :
मी तसे लिहिलेले नाही, आणि माझ्या तोंडी हे शब्द घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. नव्वद वर्षे टोमणे ऐकले, आता येथेही तेच. पुन्हा लिहिणार नाही.

कन्ना चौक :
थांबा, जाऊ नका. मुरारजी पेठकर काकांनी तसे विचारायला नको होते. त्या शिपायांचा मृत्यू ही शोकांतिकाच आहे आणि त्यांचे खून झाले हे कोणी झाकू नये. खुनाचा तपास करणे, पुरावा तपासणे, गुन्हेगाराला शिक्षा देणे हे कोणत्याही राज्याचे कामच आहे. माझे भांडण त्यापुढच्या गोष्टीशी आहे : दोन-तीन दिवसांच्या दंगलीचे निमित्त करून सात आठवडे सगळ्या शहराची टोपी, झेंडा आणि जीभ गुन्हा ठरवणे, हे शिपायांना न्याय मिळावा म्हणून झालेले नव्हते. ज्यांनी कोणावर दगडही उचलला नव्हता त्यांनाही तेव्हा शिक्षा झाल्या. आपण लिहीत राहा. ही दुसरी बाजू आपल्याशिवाय येथे कोणी मांडणार नाही.

आता डॉक्टरांच्या आक्षेपाकडे येतो. परकीय सत्तेचे उदाहरण चालत नसेल तर स्वकीयांचे घ्या. जून १९७५ मध्ये माझे वडील एका शाळेत शिक्षक होते. त्यांना मिसा या विनाखटला कैदेच्या कायद्याखाली उचलले आणि चौदा महिने येरवड्यात ठेवले. ते सुटून आले तेव्हा माझी धाकटी बहीण त्यांना ओळखेना. ती त्यांना ‘अहो पाहुणे’ म्हणाली. आणीबाणीतही देश धोक्यात असल्याचेच सांगितले गेले होते आणि गाड्या वेळेवर धावतात म्हणून अनेक शेजारी खूश होते.

याउलट १९६२ पाहा. चिनी फौजा खाली उतरत असताना वाजपेयी आणि इतर विरोधकांनी मागणी केली, नेहरूंनी ८ नोव्हेंबरला संसद बोलावली, स्वतःवरची टीका ऐकून घेतली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्याआधीच पद सोडावे लागले होते आणि त्यांच्या जागी यशवंतरावांना दिल्लीला जावे लागले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपण अभिमानाने सांगतो, पण तो का धावू शकला? युद्ध चालू असताना संरक्षणमंत्र्याला नालायक म्हणण्याची मोकळीक त्या देशात होती, म्हणून.

सात रस्ता (वकील) :
युक्रेनचा प्रश्न अनुत्तरित राहायला नको. तिथे निवडणूक झालेली नाही हे खरे आहे, आणि ते खटकण्यासारखे आहे, यात मी डॉक्टरांशी सहमत आहे. परंतु २२ जुलै २०२५ रोजी त्यांच्या संसदेने भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचे स्वातंत्र्य काढून घेणारा कायदा केला, तेव्हा लष्करी कायदा लागू असताना आणि रात्री ड्रोन पडत असताना कीव्हमधली तरुण मुले पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर उतरली आणि ३१ जुलैला सरकारला तो कायदा फिरवावा लागला. रशियात साशा स्कोचिलेन्को या चित्रकार मुलीने दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्यांच्या जागी युद्धाची माहिती देणाऱ्या चिठ्ठ्या लावल्या, तर तिला सात वर्षांची शिक्षा झाली. दोन्हीकडे युद्ध आहे, दोन्हीकडे निर्बंध आहेत. तरी एकीकडे पुठ्ठ्याच्या फलकाने कायदा बदलतो आणि दुसरीकडे बोटभर चिठ्ठीने माणूस तुरुंगात जातो.

आणि डॉक्टर, आपण रशियात होतात तेव्हाचीच एक गोष्ट आपल्याला आठवत असेल. डिसेंबर १९९४ मध्ये रशियातल्या चेचन्या प्रांतात पहिले चेचन युद्ध सुरू झाले. एनटीव्ही ही वाहिनी त्यातली प्रेते रोज दाखवत होती, सैनिकांच्या आया छावण्यांत जाऊन मुलांना परत मागत होत्या, आणि लोकमत इतके फिरले की तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांना ऑगस्ट १९९६ मध्ये समझोता करावा लागला. एप्रिल २००१ मध्ये ती वाहिनी गाझप्रोम या सरकारी कंपनीने ताब्यात घेतली. आज ते युद्ध कोण दाखवणार आणि थांबवणार कोण?

भवानी पेठ :
प्रशासकांच्या काळात पाणी रोज येत नव्हते, हे खरे आहे. तेवढे मागे घेतो. पण नगरसेवक असतानाही येत नव्हते, हेही लिहून ठेवा.

रेल्वे लाइन्स (डॉक्टर) :
एनटीव्हीचे मला आठवते. वसतिगृहाच्या खाली पहारेकरी आजीच्या खोलीत तो संच असे आणि तिचा नातू चेचन्यात ग्रोझनीला होता. ती बातम्या लागल्या की आवाज वाढवायची आणि येल्त्सिनला मोठ्याने शिव्या द्यायची. तिला कोणी काही म्हणत नसे. हे मी विसरलो होतो असे नाही, पण ते या वादाशी जोडून कधी पाहिले नव्हते.

नव्वदच्या दशकाबद्दल माझे मत बदललेले नाही आणि बदलणारही नाही, कारण त्या प्राध्यापिकाबाई मला अजून दिसतात. परंतु एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. माझी एक वर्गमैत्रीण तिथेच डॉक्टर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख माणसांच्या लष्करभरतीची घोषणा झाली तेव्हा मी तिला फोन करून तिच्या मुलाची चौकशी केली. ती क्षणभर थांबली आणि मग मला यंदाच्या बटाट्यांच्या पिकाविषयी सांगू लागली. मी पुन्हा विचारले, तर तिने पुन्हा बटाटेच सांगितले. सहा वर्षे शेजारच्या बाकावर बसलेली ही मुलगी कोणत्याही विषयावर तासभर भांडत असे. ती सरकारच्या बाजूची आहे की घाबरलेली आहे, हे मला अजून कळलेले नाही, आणि तिला ते विचारण्याचा दुसरा मार्गही माझ्याकडे नाही. तेवढ्यापुरते आपले म्हणणे मी मान्य करतो, त्याहून अधिक नाही.